मुंबईत झाडं-पक्षी बघायला कुठे जाऊ? सोबत आई (गुडघे) आणि ७ वर्षांचा लेक

दादरकर_सुमेध: येत्या रविवारी निघायचंय. आईला चढ आणि पायऱ्या जमत नाहीत. गाडी नाही, लोकल-बसने जाणार. तिघांत ५०० रुपये, त्यात खाणंपण आलं. लेकाला पक्ष्यांचं वेड लागलंय.

रानवेडा: बोरिवलीचं नॅशनल पार्क, दुसरं काही बघूच नका. शहराला खेटून १०० चौ. किमीपेक्षा मोठं जंगल आहे. मी गेल्या १२ वर्षांत शंभरदा तरी गेलोय, शिलोंडा ट्रेल कराच (परवानगी घ्यावी लागते) आणि वरती कान्हेरीची लेणी.

अनघा_ठाणे: कान्हेरीला पायऱ्याच पायऱ्या आहेत हो, त्यांच्या आईंचं काय? आणि माकडं! माझ्या हातातली पिशवी गेली, आत डबा आणि चष्मा होता, चष्मा मिळाला नाही.

रानवेडा: आतून बस जाते कान्हेरीपर्यंत. माकडांना लोकांनीच खायला घालून सवय लावलीय, त्यांना दोष नको.

खाडीकाठ: जानेवारीत फ्लेमिंगो सोडून जंगल कसलं? ऐरोलीहून बोट. ठाणे खाडी २०१५ ला अभयारण्य झाली, २०२२ ला रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आली. बोट भरती बघून सुटते तेव्हा आधी वेळ विचारा, आम्ही न विचारता पनवेलहून गेलो आणि नुसता चिखल बघून परत आलो. दुर्बीण ८x४२ घ्या, माझी १४ हजारांची आहे, पिसंन् पिसं दिसतं.

दादरकर_सुमेध: दादा बजेट ५०० आहे 🙏

खाडीकाठ: दुर्बीण एकदाच घ्यायची असते, मुलगा मोठा होईपर्यंत टिकेल.

कारवी_२०२४: मीपण नॅशनल पार्कच म्हणेन. २०१६ ला कारवी (बऱ्याच वर्षांनी एकदाच फुलणारं झुडूप) फुलली तेव्हा गेले, मग आठ वर्षं थांबून २०२४ ला परत गेले, अख्खी टेकडी जांभळी.

अनघा_ठाणे: जानेवारीत कारवी कुठे असते?

माहीमचा: दादरहून १५-२० मिनिटांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, धारावी डेपोसमोर, कोणीच कसं नाव घेतलं नाही? ३७ एकर, आधी तिथे कचऱ्याचं डंपिंग होतं, आता मिठी नदीकाठी चक्क दाट झाडी. वाट सपाट आहे. सकाळी लवकर जा, शिंजीर, तांबट, हळद्या हमखास. डासांचं मलम न्या.

रानवेडा: त्याला जंगल म्हणत नाहीत.

माहीमचा: तांबटाला कोणी सांगितलं नाही वाटतं. मुलाला पक्षी हवेत, चौरस किमी नको.

दादरकर_सुमेध: सगळ्यांचे आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. ती लालबागची, शाळेतून भायखळ्याच्या राणीच्या बागेत न्यायचे तेव्हा पाहिलेलं उर्वशीचं झाड तिला परत बघायचंय, या दिवसांत फुलतं म्हणाली. लाल फुलांचे लोंबते झुपके असतात म्हणे. तर भायखळ्यालाच जातोय. माहीमचं उद्यान लेकासाठी पुढच्या महिन्यात नक्की.

रानवेडा: राणीच्या बागेत रविवारी मुंगी शिरायला जागा नसते!! पेंग्विनसाठी रांग असते.

अनघा_ठाणे: जाऊ द्या त्यांना. उर्वशी फुलली असेल तर फोटो टाका, मी कधी पाहिलेली नाही.