डीएनएस झोनला 'सिक्युअर ओन्ली' ठेवायचं की नाही? माझं मत, ठेवायचंच

रॅकवाला: डीएनएस म्हणजे मशीनच्या नावावरून तिचा आयपी सांगणारी यादी, झोन म्हणजे त्या यादीतला एका डोमेनचा भाग, आणि 'सिक्युअर ओन्ली' म्हणजे ओळख पटलेल्यांनाच त्यातली नोंद बदलू देणारं विंडोजचं सेटिंग. मागच्या महिन्यात एका क्लायंटकडे सकाळी सकाळी अकाउंट्सचं शेअर उघडेना. फाइल सर्व्हरला पिंग केलं तर भलताच आयपी. शोधत गेलो तर कोणीतरी टेस्टिंगसाठी एक व्हीएम (आभासी मशीन) उभी केलेली, डोमेनमध्ये (कंपनीच्या एकत्र सांभाळलेल्या नेटवर्कमध्ये) जॉइनसुद्धा नाही, पण नाव आणि सफिक्स (नावामागचा डोमेनचा भाग) हाताने फाइल सर्व्हरचंच टाकलेलं, आणि ती बूट झाल्या झाल्या तिने खऱ्या सर्व्हरच्या ए रेकॉर्डवर (नाव ते आयपी या नोंदीवर) आपला आयपी चढवला. झोनच्या प्रॉपर्टीजमध्ये डायनॅमिक अपडेट्स (मशीनने आपली नोंद आपणच बदलणं) 'नॉनसिक्युअर अँड सिक्युअर' होतं, म्हणजे कोणीही यावं आणि लिहून जावं. झोन अॅक्टिव्ह डिरेक्टरी इंटिग्रेटेड (डोमेनच्या युझर-मशीनच्या डेटाबेसमध्येच ठेवलेला) असेल तर सिक्युअर ओन्ली न ठेवायला मला तरी एकही कारण दिसत नाही.

प्रिंटरवाली ताई: कारण आहे ना. आमच्याकडे प्रिंटर, कॅमेरे, हजेरीची मशिन्स, यातलं काहीच डोमेनमध्ये नाही, कर्बेरॉसचं तिकीट (डोमेनमध्ये ओळख पटवणारा डिजिटल पास) कुठून आणणार ती? मागे एकदा सिक्युअर ओन्ली केलं होतं, दोन आठवड्यांत अर्ध्या लॅपटॉपचे आयपी जुनेच राहिले, हेल्पडेस्कचा मुलगा एकाच्या मशीनला रिमोट घ्यायला जायचा आणि दुसऱ्याचंच उघडायचं. शेवटी परत मागे घेतलं.

रॅकवाला: ताई, तुमचे डीएचसीपी सर्व्हर (मशिन्सना आयपी वाटणारे) दोन होते का? मग दोष सिक्युअर ओन्लीचा नाही. सिक्युअर झोनमध्ये जो रेकॉर्ड बनवतो तो त्याचा मालक. पहिल्या डीएचसीपीने नोंद केली, लीज (आयपी वापरायची मुदत) संपल्यावर लॅपटॉपला दुसऱ्याने आयपी दिला, की त्याला तो रेकॉर्ड बदलताच येत नाही. दोघांना एकच साधं डोमेन अकाउंट द्यायचं, अॅडमिनचे हक्क अजिबात नकोत, आणि डीएचसीपीच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये क्रेडेन्शियल्स म्हणून तेच टाकायचं. प्रिंटरची नोंदही त्यांच्या वतीने डीएचसीपीच करतो, प्रिंटरला तिकीट लागतच नाही. फक्त आधीचे रेकॉर्ड जुन्या मालकाच्याच नावावर राहतात, ते काढून नव्याने नोंदू द्यावे लागतात. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते.

प्रिंटरवाली ताई: दोनच होते. अकाउंट नव्हतं दिलं, आम्ही दोन्ही सर्व्हर डीएनएसअपडेटप्रॉक्सी ग्रुपमध्ये (इतरांच्या वतीने नोंद करणाऱ्यांसाठीच्या विंडोजच्या तयार ग्रुपमध्ये) टाकायचा विचार करत होतो.

रॅकवाला: नका टाकू. नुसत्या त्या ग्रुपने केलेल्या नोंदींना संरक्षणच नसतं, ग्रुपबाहेरचा जो पहिला अपडेट करेल तो मालक. आणि डीएचसीपी डोमेन कंट्रोलरवरच (डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरवरच) चालत असेल तर अकाउंट हवंच हवं, नाहीतर कंट्रोलरच्या हक्काने तो झोनमधलं काहीही बदलू शकतो, मग सिक्युअर करून मिळवलं काय?

बाइंडप्रेमी: माझा विरोध वेगळाच आहे. सिक्युअर ओन्ली केलं की लोक निर्धास्त होतात, पण डीफॉल्टने ऑथेंटिकेटेड युझर्सना (डोमेनमध्ये लॉगिन करू शकणाऱ्या कोणालाही) झोनमध्ये नवीन रेकॉर्ड बनवायची मुभा असते. म्हणजे कुठलाही साधा युझर वाइल्डकार्ड ('*' नावाची, यादीत नसलेल्या कुठल्याही नावाला लागू होणारी नोंद) टाकून चुकीची टाइप झालेली सगळी नावं स्वतःकडे वळवू शकतो. बाइंडमध्ये (दुसऱ्या एका डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये) अपडेट-पॉलिसी लिहून कुठल्या की-ने कुठलं नाव बदलायचं हे मीच ठरवतो, ते मला जास्त पटतं.

रॅकवाला: मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण तो नवीन नावांचा झाला. माझं भांडण आहे ते असलेल्या नावावर बाहेरच्याने हात मारण्याशी, आणि ते सिक्युअर ओन्लीने थांबतं. वाइल्डकार्डसाठी '*' नावाचा रेकॉर्ड आपणच आधी बनवून ठेवायचा, मग साध्या युझरला तो बदलता येत नाही.

प्रिंटरवाली ताई: बरं, शनिवारी संध्याकाळी अकाउंट बनवून बघते. स्कॅव्हेंजिंग (जुन्या नोंदी आपोआप काढणं) पण चालू करू का?

रॅकवाला: त्याच दिवशी नको. मालकीचं बस्तान बसू दे, मग सात-सात दिवसांचा डीफॉल्ट ठेवून चालू करा. आणि रिव्हर्स झोन (आयपीवरून नाव सांगणारा) विसरू नका, त्याचं सेटिंग वेगळं असतं, फॉरवर्ड सिक्युअर करून रिव्हर्स उघडाच ठेवलेला मी कितीतरी ठिकाणी पाहिलाय.