मदत हवी आहे: वाळूच्या टेकड्यांतून वाट कुठून काढावी?

नमस्कार मंडळी. आमच्या गोव्यातल्या मांद्रे-आश्वे किनारपट्ट्यात वाळूच्या टेकड्यांचे तुकडेच उरलेत. एक भाटकाराचा (जमीनदाराचा), एक कोमुनिदादीचा (गावच्या सामाईक मालकीचा), मध्ये शॅकला (किनाऱ्यावरच्या खानावळीला) जाणारी वाट, पलीकडे परत थोडी मर्यादवेल (वाळू धरून ठेवणारी वेल). 2011 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग ही कासवांच्या विणीची ठिकाणं म्हणून नावानिशी आहेत. तरी जो येतो तो आपली नवी चोरवाट पाडतो. पायाखाली वेलीचे धुमारे तुटतात, उघडी वाळू वारा उडवतो आणि बघता बघता टेकडीला खिंड पडते.

दोरी बांधली की रात्रीत कापलेली. रापणकारांना (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना) मात्र होडी उतरवायला जागा सोडावीच लागणार, त्यांना अडवायचा प्रश्नच नाही.

एकच वाट ठेवायची तर ती वाऱ्याच्या दिशेला तिरकी, वळण देऊन काढलेली टिकते का? फळ्यांची उंच वाट पावसाळ्यात उचलून ठेवता येते का? बाकीच्या खिंडींत वाळू धरायला माडाच्या चुडतांची (झावळ्यांची) वई, म्हणजे कुंपण, घालायचा विचार आहे, पण कासवीण अडू नये म्हणून ती भरतीरेषेपासून किती आत हवी?

शेजारी म्हणतात सुरूची झाडं लावा. मला ते पटत नाही, सुरूच्या दाट सावलीत आणि पाल्याच्या थराखाली मर्यादवेल तग धरत नाही. रत्नागिरीतल्या वेळास-आंजर्ल्याकडे कासवांचं काम केलेलं कुणी असेल तर जरूर लिहा, खासकरून पिल्लं निघायच्या दिवसांत शॅकवाल्यांना दिवे विझवायला कसं राजी केलंत ते.