चिखलदऱ्याच्या घाटात जुनी पद्मिनी बंद पडू नये म्हणून काय करावे?

प्रश्न: जुन्या गाड्यांचे आम्ही सात-आठ शौकीन रविवारी अमरावतीहून परतवाडामार्गे चिखलदऱ्याला निघणार आहोत. माझी प्रीमियर पद्मिनी परवा भर उन्हात बंद पडली आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली. घाटात असे झाल्यास काय करावे?

उत्तर १: हा बहुधा व्हेपर लॉक असावा. या गाडीचा यांत्रिक पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असल्याने आपल्या वऱ्हाडातील उन्हात पेट्रोलची वाटेतच वाफ होते आणि कार्बोरेटरपर्यंत इंधन पोहोचत नाही. बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवावे. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना उघडू नये. खरे तर पहाटे पाचला निघालात, तर फडक्याची गरजच पडणार नाही.

उत्तर २: मला चढणीपेक्षा उताराची काळजी अधिक वाटते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ते तापले की पकड कमी होते, म्हणून दुसऱ्या गिअरमध्येच उतरावे. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरण्याची खोड (माझ्या वडिलांनाही होती) घाटात जिवावर बेतू शकते.

उत्तर ३: ताफ्यात फेरबदल केलेली जीप असल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आधी वाचावे; ते गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध घालते.

प्रश्नकर्ता: जीप आहे. मालकाला आजच कळवतो.