मदत हवी आहे: घरी बनवलेल्या एलएम१८७५ चिपच्या अँपला (अँप्लिफायरला) लहान खोलीत कोणते स्पीकर?

लातूरला दहा बाय दहाची खोली आहे, वर पत्रे. एलएम१८७५ चा स्टिरिओ अँप घरीच जोडलाय, ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ व्होल्टचा, म्हणजे ८ ओहमला चॅनलमागं १० वॉटच्या आसपास धरा. हम (स्पीकरमधली गुणगुण) अजिबात नाही. सध्या जुने ४ ओहमचे डबे लावलेत पण हीटसिंक (चिपची उष्णता काढणारा धातूचा तुकडा) तापून हात लावू देईना, उन्हाळ्यात तर विचारूच नका. स्पीकर भिंतीपासून वीतभरच पुढं ठेवता येतात त्यामुळं मागच्या पोर्टचा (डब्याच्या भोकाचा) बास घुमतो, पोर्टात फडकं कोंबून पाहिलं, घुमणं कमी झालं पण पत्रा थरथरतोच. ऐकायला भजनं, जुनी गाणी, धडधड नकोच. सबवूफर नको, बजेट जोडीला ६ हजार. तर ८ ओहमचे, ८८ डीबी सेन्सिटिव्हिटीच्या (एका वॉटात किती मोठा आवाज, त्याचं माप) पुढचे घेतले तर एवढ्या वॉटात भागेल का, अन् बंद डब्यात ५ इंची बरा की साडेसहा?