हाकललं तरी जाणार कुठे?

इंग्लंडमध्ये जिप्सी आणि ट्रॅव्हलर, म्हणजे फिरतं जीवन जगणारे समाज, कॅरव्हॅन (चाकांवरची घरं) घेऊन मोकळ्या जागी तळ ठोकतात. त्यांच्याबद्दल "गाड्या जप्त करा, मग हे लोक यायचे आपोआप बंद होतील" असं म्हणणारं मत मला अजिबात पटलं नाही. कडकपणा तिथे भरपूर करून झालाय. 1968 च्या कायद्याने या लोकांसाठी अधिकृत तळ उभारणं कौन्सिलांवर, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनांवर, बंधनकारक होतं. 1994 मध्ये ते बंधन काढलं आणि त्याच कायद्याने तळ उठवायचे पोलिसांचे अधिकार वाढवले. 2022 पासून तर गाडी जप्त करणं आणखी सोपं झालंय. ती गाडी म्हणजे त्यांचं राहतं घर आहे हो! शेजारच्या वेल्सने 2014 च्या कायद्याने तळ उभारायचं बंधन परत आणलं, इंग्लंडने नाही.

शेजाऱ्यांची तक्रार खोटी नाही. मुलांच्या मैदानावर कॅरव्हॅन लागल्या, मागे कचरा राहिला, तर राग येणारच. पण जिथे संडास नाही, कचरागाडी येत नाही, तिथे दुसरं काय होणार?

इंग्लंडमधल्या लीड्स शहराने वेगळी वाट धरली. तळ पडला की कौन्सिलचा माणूस आधी जाऊन बोलतो. जागा चालण्यासारखी असेल तर निघायची तारीख ठरते, तात्पुरते संडास आणि कचऱ्याचा मोठा डबा येतो. बदल्यात कचरा, आवाज, वागणूक यांबद्दल त्या कुटुंबांनी शब्द द्यायचा. कोर्टाचा आणि सफाईचा खर्चही वाचतो.

तुमच्या कौन्सिलला जाब विचारायचाच असेल तर हा विचारा: सरकारच्या नियोजन धोरणानुसार पाच वर्षं पुरतील इतक्या जागा तळांसाठी दाखवायच्या असतात, त्या जागा कौन्सिलच्या आराखड्यात कुठे आहेत?