प्रशिक्षक झावीचे मूल्यमापन: अन्याय की रास्त निकाल?

मधली फळी
स्पेनमधील फुटबॉल क्लब बार्सिलोनाने मे २०२४ मध्ये आपल्याच माजी खेळाडूला, झावी हर्नांडेझला, प्रशिक्षकपदावरून दूर केले. तेव्हापासून ‘खेळाडू म्हणून थोर, प्रशिक्षक म्हणून सामान्य’ हा शेरा त्याला चिकटला आहे आणि मला तो अन्यायाचा वाटतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये कतारच्या अल सद्दमधून तो परतला, तेव्हा संघ ला लीगा या स्पॅनिश लीगच्या गुणतालिकेत नवव्या स्थानी होता, मेस्सी नुकताच पॅरिसला गेला होता आणि क्लबच्या तिजोरीत खडखडाट होता. त्याच मोसमात त्याने संघाला दुसऱ्या स्थानापर्यंत नेले. पुढच्या मोसमात ३८ सामन्यांत अवघे २० गोल स्वीकारून ८८ गुणांसह विजेतेपद मिळवले.

जानेवारी २०२३ मध्ये रियाधला झालेला स्पॅनिश सुपर कपचा अंतिम सामना आठवून पाहावा. कागदावर गावी डाव्या बगलेला होता, पण प्रत्यक्षात तो आत सरकत असे आणि मोकळी झालेली बगल डावा बचावपटू बाल्दे धावून व्यापत असे. त्यामुळे बुस्केट्स, डी यंग, पेद्री आणि गावी अशा चौघांसमोर रेआल माद्रिदची मधली फळी सतत अपुरी पडली आणि बार्सिलोनाने ३-१ असा विजय मिळवला. ही मांडणी झावीची होती. पंधरा वर्षांच्या लामिन यमालला पहिल्यांदा मैदानात उतरवण्याचे धाडसही त्याचेच.

कोल्हापूरकर
आपण ज्या खडखडाटाचा उल्लेख केला आहे, तो अर्धाच खरा आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात क्लबने ला लीगा प्रक्षेपण हक्कांच्या पुढील २५ वर्षांच्या उत्पन्नातला २५ टक्के वाटा विकला आणि त्याच उन्हाळ्यात लेवांडोव्हस्की, राफिन्या आणि कुंदे संघात आले. असा संघ हाताशी असूनही त्या मोसमात चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीतूनच परतावे लागले, आणि आदल्या वर्षी युरोपा लीगमध्ये आइंट्राख्ट फ्रँकफुर्टने कॅम्प नोऊ या बार्सिलोनाच्या घरच्या मैदानावर येऊन ३-२ असे हरवले होते. विजेतेपदाच्या वर्षातही कितीतरी सामने १-० असेच जिंकले गेले. ज्याने आयुष्यभर चेंडूवरील ताब्याचा पुरस्कार केला, त्याचा संघ गोलरक्षक टेर स्टेगनच्या हातांवर विसंबून होता, हे मला खटकते. पुढे झावीच्या जागी आलेल्या हान्सी फ्लिकने बव्हंशी त्याच खेळाडूंकडून २०२४-२५ च्या लीगमध्ये १०२ गोल करवून घेतले. राफिन्या तोच, पेद्री तोच. मग बदलले काय?

मधली फळी
बदलले बरेच काही. २०२३-२४ मध्ये बुस्केट्स निघून गेला होता, गावीचा गुडघा नोव्हेंबरमध्येच निकामी झाला होता आणि कॅम्प नोऊचे काम सुरू असल्याने घरचे सामने मोन्जुइकवर होत होते. फ्लिकच्या हाती अनुभवाने मुरलेला यमाल आणि कुबार्सी आला, तो झावीने त्यांना आधी खेळवले म्हणूनच.

मडगावकर
माझा आक्षेप वेगळा आहे. एप्रिल २०२४ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत पॅरिस सेंट-जर्मेनला त्यांच्याच मैदानावर ३-२ असे हरवून बार्सिलोना घरी आली होती आणि परतीच्या लढतीतही १-० ने पुढे होती. २९ व्या मिनिटाला पॅरिसच्या बार्कोलाला पाडल्याबद्दल बार्सिलोनाचा बचावपटू आराउहोला लाल कार्ड मिळाले. झावीने बचावपटू आणण्यासाठी यमालला बाहेर काढले आणि प्रतिहल्ला करू शकणारा सर्वांत वेगवान पायच संघाने गमावला. पाच-सहा मिनिटांतच पॅरिसच्या डेम्बेलेने बरोबरी साधली, दुसऱ्या सत्रात स्वतः झावीलाही लाल कार्ड मिळाले आणि सामना १-४ असा हातचा गेला. दडपणाखाली चेंडू कधी घाईने न सोडणारा हा खेळाडू प्रशिक्षकाच्या खुर्चीत मात्र उतावीळ होत असे. त्याच मोसमात विलारेआलकडून ३-५ असे हरल्यावर त्याने जूनमध्ये पद सोडणार असल्याचे जाहीर केले, एप्रिलमध्ये पदावर कायम राहण्याचा निर्णय घेतला आणि महिन्याभरात त्याला जावे लागले. क्लबचे वागणे त्यात शोभणारे नव्हते, हेही मी मान्य करतो.

मधली फळी
दहा जण उरल्यावर मध्यवर्ती बचावपटू आणणे भागच होते आणि त्यासाठी आघाडीच्या तिघांपैकी एकाला बसवावे लागणार होते. राफिन्या मागे धावून बचावाला हातभार लावतो. सोळा वर्षांच्या मुलाकडून तासभर तशी अपेक्षा धरायची का?

कोल्हापूरकर
तासभर मागे पळायला यमालला कोणी सांगितले असते? लेवांडोव्हस्कीला बसवून त्याला पुढे एकटा ठेवला असता, तर पॅरिसचे किमान दोन बचावपटू मागेच अडकून राहिले असते.