मदत हवी आहे: कंबरदुखी, सगळे रिपोर्ट नॉर्मल, ऑर्थो सुचवा (मिरज/कोल्हापूर)

घायकुती
नमस्कार, थेट मुद्द्यावर येते. चार वर्षं कंबर दुखतेय, उजव्या मांडीत कळ उतरते. दोन ऑर्थो झाले, मणक्याचा एमआरआय झाला (नॉर्मल), ट्रॅक्शन झालं, डी३ची पाकिटं संपवली. परवा तिसऱ्या डॉक्टरांनी फाईल चाळली आणि आईला विचारलं, "टेन्शन घेते का ही?" मी समोरच्या खुर्चीत बसलेले! मिरज किंवा कोल्हापुरात कुणी चांगला ऑर्थो माहीत असेल तर सांगा. रजा संपल्यात, शनिवारी ओपीडी असणारा हवा. आसनं सुचवू नका प्लीज.

गवती_चहा
भुजंगासन आणि मकरासन करून बघ. मला तीन आठवड्यांत फरक पडला.

घायकुती
शेवटचं वाक्य वाचलंत का?

निवृत्त_नाना
वय? वजन? काम बसून की उभ्याने? आणि गादी कसली? गादीकडे कुणी लक्ष देत नाही. मी फोमची फेकून कापसाची भरून घेतली, तेव्हापासून कंबर गप्प आहे. टाच मात्र दुखते. तो विषय वेगळा.

घायकुती
२९, ५२ किलो, पतसंस्थेत कॅशियर, दिवसभर बसून. गादी कापसाचीच आहे नाना.

रानजाई
रोज सारखंच दुखतं की महिन्यातले काही दिवस जास्त?

घायकुती
हल्ली थोडं रोजच असतं. पाळीच्या आधी दोन दिवस आणि पाळीत खूप. पण पाळीत सगळ्यांचंच दुखतं, म्हणून ते धरलं नाही.

रानजाई
अगं, तेच तर धरायचं होतं! डॉक्टरांना सांगितलंस का हे? आता विचारते त्याचा संकोच नको करू. त्या दिवसांत शौचाला बसल्यावर दुखतं का? गोळ्या किती लागतात? पोटाची सोनोग्राफी झालीय का?

घायकुती
हो, दुखतं. भिंतीला हात लावून बसावं लागतं. हे आजवर कुणी विचारलं नाही आणि कंबरेच्या डॉक्टरांना आपणहून कोण सांगणार! कॉलेजात असताना पाळीत एक गोळी पुरायची, आता दिवसाला तीन. सोनोग्राफी नॉर्मल. आई म्हणते तिचंही असंच व्हायचं, लग्नानंतर थांबलं. शेक घेऊन घेऊन पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडलेत, ते स्किनवाल्यांना दाखवायचेत, पण ते नंतर. आधी कंबर.

सांधेसुधे
हे फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखत राहण्याचा आजार) आहे, लिहून घ्या. माझं तेच झालं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि घरचे म्हणतात नाटकं करते. झोप लागते का? सकाळी उठल्यावर अंग ठेचल्यासारखं असतं का? पूर्वी अंगावरच्या १८ जागा दाबून बघायचे, ११ दुखल्या तर निदान. २०१०पासून नवे निकष आले, त्यात दाबणं गेलं. चांगला संधिवाततज्ज्ञ गाठा.

रानजाई
ताई, तुमचं दुखणं खरंच आहे, पण हिचं पाळीबरोबर वाढतंय आणि शौचाला दुखतंय. मी डॉक्टर नाही, पण ही वाट चाललेय. माझं २५ला सुरू झालं आणि ३४ला नाव कळलं: एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो, बीजकोशावर, आतड्याला लागून, गर्भाशयाच्या मागच्या बंधांवर. पाळीच्या दिवसांत तिथेही सूज येते. मागच्या बाजूला असेल तर कंबर धरते, कळ मांडीतही उतरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाळीच्या वयातल्या दहा टक्के बायकांना हे असतं, म्हणजे जगात सुमारे १९ कोटी.

तुझा एमआरआय मणक्याचा झाला, ओटीपोटाचा नाही. लग्न झालेलं नसेल तर आपल्याकडे सोनोग्राफी बहुतेक पोटावरूनच करतात. त्यात बीजकोशातली चॉकलेट सिस्ट (जुनं रक्त साठलेली गाठ) दिसेल, पण मागचे बारीक चट्टे सहसा दिसत नाहीत. 'नॉर्मल' म्हणजे दिसलं नाही, एवढंच.

कट्टेकरी
एवढं पुराण कशाला? पिशवी काढून टाकायची. आमच्या मावशीने काढली, आता ठणठणीत. कटकट संपली.

रानजाई
२९ वर्षांच्या मुलीला पिशवी काढ म्हणताय! हा आजार गर्भाशयाच्या बाहेर असतो, पिशवी गेली तरी तो मागे राहू शकतो. बीजकोशही काढले तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती, पुढे हाडांचं दुखणं वेगळं.

तिखटमीठ
कट्टेकरी, २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या वाचल्या होत्या का? पोटात दुखतंय म्हणून गेल्या की पिशवी काढायची, तीही विशी-तिशीत. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. फडात एक दिवस खाडा पडला तरी मुकादम पैसे कापतो, म्हणून 'कटकट संपवायची'. तुमचा सल्ला तोच आहे, फक्त एसीत बसून दिलेला.

कट्टेकरी
मी मावशीबद्दल बोललो, बीड कुठून आलं? इथे काही लिहायची सोय नाही.

निवृत्त_नाना
भांडू नका. टाचेला विटकरीचा शेक चालतो का, कुणाला माहीत आहे?

ओपीडीवाली
मी त्वचारोग विभागात आहे, बायकांच्या आजारांवर बोलणार नाही. पण ते जाळीदार डाग भाजल्याचे असतात. चटका बसत नाही अशा बेताच्या उष्णतेचा शेक महिनोन् महिने एकाच जागी घेतला की कातडीवर असं जाळं उमटतं. पूर्वी शेगडीशी बसणाऱ्यांच्या पायांवर दिसायचं, हल्ली रबरी पिशवी आणि हीटिंग पॅडमुळे दिसतं. पिशवीला टॉवेल गुंडाळा, जागा बदला. आणि हे डाग लपवू नका. पोटावर जाळं उमटेपर्यंत शेक घेणाऱ्या बाईला टेन्शन आहे असं कुणी म्हणणार नाही.

गोळी कुठली? मेफेनॅमिक ॲसिडची असेल तर उपाशीपोटी नको. अंगावर पुरळ आणि ताप आला तर बंद करून लगेच डॉक्टरकडे. २०२३च्या शेवटी इंडियन फार्माकोपिया कमिशनने या औषधाबद्दल तशी सूचना काढली होती.

घायकुती
तीच गोळी. पर्समध्ये एक पाकीट, कॅशच्या ड्रॉवरमध्ये एक. नोटा मोजताना कळ आली की आकडा चुकतो, मग गड्डी पहिल्यापासून.

पण मग ऑर्थो नको का? आता जायचं कुणाकडे? आणि दुर्बिणीचं ऑपरेशन करायला लावतात असं आता वाचलं. मला ऑपरेशन नकोय!

रानजाई
आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. भेटीची वेळ घेतानाच विचार की एंडोमेट्रिऑसिसच्या केसेस बघता का, सगळे बघत नाहीत. निदानासाठी आधी दुर्बीणच, असं पूर्वी होतं. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२२मध्ये तो आग्रह सोडला. लक्षणं ऐकून, तपासून, ओटीपोटाचा एमआरआय बघून हार्मोनच्या गोळ्या सुरू करतात. मी डायनोजेस्ट घेते, रोज २ मिलिग्रॅम. पाळी बंद आहे, सुरुवातीला मधूनच डाग जायचे, मूडची वाट लागली होती. पण कामावर जाते.

आणि तारखा लिहून ने. कुठल्या दिवशी, कुठे, दहापैकी किती, किती गोळ्या. तोंडी सांगितलं की ते 'थोडं दुखतं' एवढंच लिहून घेतात.

सांधेसुधे
आणि एंडो निघालं तरी माझं म्हणणं सोडू नका. दुखणं वर्षानुवर्षं राहिलं की मज्जासंस्थाच हळवी होते, मूळ कारण शांत झालं तरी कळ उरते. दोन्ही एकत्र असू शकतात.

रानजाई
हे मात्र खरं. माझं ओटीपोट अजून फिजिओकडे आहे.

गवती_चहा
म्हणजे शेवटी व्यायामच ना? मी पहिल्यांदा तेच म्हटलं होतं.

घायकुती (अकरा दिवसांनी)
सगळ्यांना उत्तरं दिली नाहीत, सॉरी. पाळी होती. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केले, आत आकडा, खाली गोळ्या. आईला वाटलं दुधाचे खाडे. म्हणाली, सलग सहा दिवस दूध आलं नाही का गं? मग सांगितलं. ती थोडा वेळ पोळ्याच लाटत राहिली. नंतर म्हणाली, मलाही संडासला दुखायचं, तुझ्या आजीला कसं सांगणार? आणि लग्नानंतर थांबलं नव्हतं म्हणे, तुझ्या वेळेस दिवस गेले तेव्हा थांबलं आणि पुढे परत सुरू झालं.

रानजाईताई, व्यनि (खासगी निरोप) मिळाला. शनिवारी ११:४०ची वेळ घेतलीय. आई येते म्हणतेय. तिला आत नेऊ की बाहेर बसवू?

रानजाई
आत ने, तिचंही सांगू दे, घरात कुणाला होतं का ते विचारतात. पण डॉक्टर तिच्याकडे बघून बोलायला लागले तर कॅलेंडरचं पान पुढे सरकव.